धार नसलेली

ओहायोचा एक म्हातारा गिऱ्हाईक
माझ्या फौंड्रीतून पंपाची कव्हरं मागवायचा.
अकरा वर्षांत एकही कास्टिंग परत आलं नाही.
धंदा गुंडाळताना त्यानं पणजोबाची तलवार पाठवली,
लाकडी खोक्यात, भुसा घालून.
कस्टमवाल्यानं विचारलं, कशासाठी?
मी लिहिलं : शोभेसाठी.

एक आली की तिला एकटं वाटतं.
आता सात आहेत. उद्यमनगरात, पॅटर्नच्या खोलीत,
सागवानी साच्यांच्या वरच्या फळीवर.
पायदळातल्या अधिकाऱ्याची, अठराशे पन्नासच्या नमुन्याची,
मुठीला माशाचं कातडं, त्यावर पितळी तार.
घोडदळाची, मनगट मोडेल इतकी जड.
फौजेतल्या डॉक्टरची एक, अरुंद, दाभणासारखी.
आणि ती गरुडाच्या डोक्याची,
जिच्यापायी मी अजून जुनीच गाडी ढकलतोय.

सुलभा म्हणते, कोल्हापुरात तलवारींचा दुष्काळ पडलाय?
नाही पडला. इथं शिवाजी पेठेत
दर तिसऱ्या घरात भिंतीवर एक असते,
आणि ती कुणाची, हे शेजाऱ्यालाही पाठ असतं.
ह्यांचं मला कुणी काही सांगत नाही.
म्हणून रात्री भिंग घेऊन बसतो.
पात्यावर ओकची पानं, झेंडे,
'कॅप्टन' एवढं वाचता येतं,
पुढचं आडनाव कुणीतरी कानशीनं घालवलंय.
विकणाऱ्यानं? बायकोनं?
की त्यानंच, घरी परत आल्यावर?

भाद्रपदात हवेला ओल सुटली.
गरुडाच्या मानेखाली तांबूस ठिपके दिसले, तेव्हा
पापाच्या तिकटीवरून बाबालाल शिकलगाराला बोलावलं.
त्यानं पातं उजेडात तिरकं धरलं.
"दोन दिस द्या मालक. आरसा करून देतो.
मिशी कोरा बघून."
मी ओरडलोच. घासायचं नाही!
हे ठिपके काढ फक्त. बाकी काळपटपणा राहू दे.
त्याचेच तर पैसे असतात. घासली की किंमत निम्मी.

त्यानं माझ्याकडं पाहिलं,
मी एखाद्या गिऱ्हाइकाकडं पाहीन तसं,
जो म्हणेल, बिडात भोकं ठेवा, मला आवडतात.
"मग मला कशाला बोलिवलासा?"

मी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत तो अंगठा फिरवत बसला,
मुठीपासून टोकापर्यंत, पुन्हा उलटा.
"हिला धार लागलीच न्हाई कवा.
बोथाटलेली मी वळखतो. ही तसली न्हवं.
ही जल्मापासनंच अशी."

मला ते माहीत होतं. पुस्तकात आहे.
अधिकाऱ्यानं वार करायचा नसतो, मी म्हणालो, जरा ऐटीत,
उपसायची, आणि दिशा दाखवायची.
पुढं जायचं ते शिपायांनी.

"म्हंजे बोट," बाबालाल म्हणाला.
बशीत चहा ओतला, फुंकला.
"येवढं लांब बोट."

जाताना त्यानं आपलं पोतं उचललं.
आत गळिताआधी लावायला आलेले कोयते,
वीसेक असतील. घासून घासून
काहींचं नुसतं नख उरलेलं.
ठिपक्यांचे पैसे घेतले नाहीत.
"काम कुठं केलं मी," म्हणाला.

खंडेनवमीला दरवर्षीसारखं सगळं मांडलं.
व्हर्नियर, पाने, साचेवाल्यांच्या पटाश्या,
ठोकणी, चाळणी, झेंडूची पिवळी माळ,
आणि शेवटी सातही, लाल कापडावर.
पोरं म्हणाली, मालक, ती पक्षाची दाखवा की.
मी गरुड उचलला.
हळद बोटांना चिकटलेली, मूठ जरा निसटती,
सावरताना हात आपोआप सरळ झाला,
टोक भट्टीकडं.

नारळ अजून फोडायचा होता. भट्टी बंदच होती.
तरी मागं उभा असलेला बसगोंडा,
सत्तावीस वर्षं माझ्याकडं ओतकाम करणारा,
टोपी सारखी करत
दोन पावलं तिकडं चालून गेला.

मी काहीच म्हणालो नव्हतो.